डावी गिटार

मुलगी बघायला आलेल्यांचे पोहे खाऊन झाले की कुणीतरी मोठ्या मनाचा आव आणून म्हणतंच, "पोरापोरीला जरा बोलू द्या." हिंगोलीच्या आमच्या घरात बोलायची जागा म्हणजे गच्ची. पापड-कुरडया वाळत घातलेल्या, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि टाकीला लागून बसायला कट्टा. तिथं मी कुणालाच पगार किंवा आवडती भाजी विचारली नाही. मी एक गाणं ऐकवायचे.

गाणं नऊ मिनिटांचं. माझा भाऊ शौनक पुण्याला होस्टेलात होता, त्याच्या पेनड्राइव्हवरून तो अल्बम माझ्याकडं आला. कुठल्याशा बर्फाळ देशातला, मेटल म्हणजे दणदणाटी रॉक वाजवणारा बँड. मेटल म्हटलं की लोकांना अंगात आल्यासारखं ओरडणंच आठवतं. यात कुणी ओरडत नाही, गातात. ड्रम सुसाट धावतात, पण चाल अशी की भाकरी थापताना गुणगुणावी. मध्येच ताल सात मात्रांवर जातो, अगदी रूपकासारखा. मी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे पहिल्याच खेपेला ते कळलं आणि हातातलं काम हातातच राहिलं. अल्बमभर एकच गोष्ट आहे. दीपगृह सांभाळणारा एक म्हातारा जहाजं यायची बंद झाली तरी रोज दिवा लावतो.

मी ऐकवायचे ते त्यातलं शेवटचं गाणं. त्यात दोन गिटारी आहेत. उजव्या कानातली विचारते, डाव्या कानातली उत्तर देते. मग एका जागी सगळं थांबतं आणि डावी गिटार एकटीच म्हाताऱ्याची चाल वाजवते. त्या जागेला मला दरवेळी रडू येतं. लपवायचं काय त्यात?

इअरफोनचा डावा तुकडा मी मुलाला द्यायचे. म्हणजे ती जागा त्याच्या वाट्याला. तेवढा वेळ माझ्या उजव्या कानात काहीच नसायचं. मी त्याचं तोंड बघत बसायचे.

एकानं मला मोबाइल केवढ्याला घेतला ते विचारलं. नांदेडचा एक गलेलठ्ठ पगाराचा होता, तो मधूनमधून घड्याळ बघत होता. मग वसमतचा मुकुल आला. कुरुंद्याला एका बँकेत कॅशियर. मी बोलले की पुरता माझ्याकडं वळून माझ्या तोंडाकडं बघायचा. असं लक्ष देऊन माझं बोलणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्या उजवीकडं टाकी होती, म्हणून मी डावीकडं बसले.

इअरफोन कानात घातल्याबरोबर त्यानं डोळे मिटले आणि हळूहळू मान डोलवायला लागला. घड्याळ नाही, प्रश्न नाही. माझ्या कानात शांतता झाली तेव्हा मी बघितलं, तर त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय पाहिलंस त्याच्यात?" रात्रीच्या जेवणाला बाबांनी विचारलं. नांदेडच्या स्थळावरून त्यांचा जीव निघत नव्हता.

"बाबा, त्या माणसाला ऐकता येतं," मी म्हटलं. केवढ्या ऐटीत म्हटलं होतं!

लग्नानंतर मी गाण्याचं काढलं की मुकुल म्हणायचा, "निवांत ऐकू." निवांतपणा काही येत नव्हता. सासूबाई, पाहुणे, कुळाचार, त्याची बँक. मी म्हणायचे, जाऊ दे, ज्याला कळतं त्याला रोज ऐकवायला कशाला पाहिजे. घरात एक तरी माणूस आपल्यासारखं ऐकणारा आहे, एवढ्यावर मी सगळं रेटत होते. सासूबाईंचे टोमणेसुद्धा.

दुसऱ्या वर्षी त्या बँडचा नवा अल्बम आला. रविवारी दुपारी मी त्याला धरूनच बसवलं.

"इकडून बस की," तो म्हणाला.

"तिकडं ऊन येऊन राहिलं." मी डावीकडंच बसले. डावा तुकडा त्याच्या कानात, उजवा माझ्या. मी गाणं लावलं.

त्यानं डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला.

नेट गेलं होतं. मोबाइलवर ते गोल चाक नुसतं फिरत होतं, गाण्याचा एक सूरही सुरू झालेला नव्हता. मुकुलची मान मात्र डोलत होती, गच्चीवर डोलली तश्शीच. मी बघत राहिले.

"मुकुल," मी हळूच म्हटलं. मान डोलतच होती. मी त्याच्या कानातला तुकडा उपटला.

"तुमाला या कानानं येत न्हाई ना ऐकू?"

दारातून सासूबाई बोलल्या. "लहानपणी गालगुंड झाले व्हते, त्यात गेला एक कान. एवढं काय त्यात? नोटा मोजायला काय दोन कान लागतात?"

म्हणजे घरादाराला माहीत होतं. मला तेवढं नव्हतं.

त्या गेल्यावर तो म्हणाला, "आधी सगळ्या ठिकाणी खरं सांगितलं म्या. सगळ्यांचा एकच निरोप, पत्रिका जुळत न्हाई. तुझ्याकडं येताना आई म्हणली, गप बस."

"आन् गच्चीवर रडले काहून?"

"भीती वाटली. तू आता विचारशील, कसं वाटलं. काय सांगणार व्हतो मी? वाटलं, हे बी स्थळ गेलं."

संताप संताप झाला माझा. कानाचं मला काहीच नव्हतं. सांगितलं असतं तर उठून टाकीच्या बाजूला, त्याच्या उजवीकडं बसले असते, एवढंच तर होतं! ज्या आसवांवर मी माझं सगळं ठरवलं ती माझ्या नकाराच्या भीतीची होती. त्या माणसाची कीवही येत होती आणि कीव आली म्हणून आणखी चीड येत होती.

पुढचे कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढलंय, दूधवाला आलाय. मग एका रविवारी तोच मोबाइल घेऊन माझ्यापुढं आला.

"ते जुनं गाणं लाव. या कानात दे. आता खरंच ऐकतो."

माझी आशा मेली नव्हती, हेच माझं दुर्दैव. मी त्याच्या उजवीकडं बसले. डावा तुकडाच दिला, ती जागा त्यालाच मिळावी म्हणून, पण त्याच्या चांगल्या कानात. गाणं सुरू झालं. तो दचकला, आवाज थोडा कमी करायला लावला. मला तेसुद्धा आवडलं. निदान खरं होतं.

मग त्यानं डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला. ताल सातावर गेला, मान आपली होती त्याच चालीत. मी त्या जागेची वाट बघत होते. तिथं तरी ही मान थांबेल.

माझ्या कानातली गिटार थांबली. सगळं शांत झालं. मान डोलतच होती.

"डोळे उघडे ठेवून ऐका ना," मी न राहवून म्हटलं. "मान कशाला हलवायची?"

त्यानं डोळे उघडले. खरोखर गोंधळला होता बिचारा.

"मग तुला कसं कळंल, मला आवडून राहिलं म्हणून?"

माझ्या कानात अजून शांतताच होती. त्याच्या धडधाकट कानात डावी गिटार एकटी वाजत होती आणि तो माझं तोंड बघत होता.