तळ न काढलेली कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो; पण माझ्यातली गरम भजी मिळतील म्हणून जवळ सरकू नका. माझ्या पोटाला घासलेटाचा वास आहे आणि तो आता या जन्मी जायचा नाही. वासाचं एक वेळ चालेल. पण याच पोटात एकदा एक वस्तू सहा दिवस पडून राहिली, त्याची लाज मला अजून सोडत नाही. आज ती गोष्ट तुम्हाला सांगून टाकते.

माझा जन्म पालीचा. तिथल्या एका लोहारानं जाड पत्रा ठोकून मला गोल केलं, दोन बाजूंना दोन कड्या बसवल्या आणि बैलगाडीत घालून युसूफ वडगावला शिवलिंगप्पांच्या घरी धाडलं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणे. तेव्हा निजामाचा अंमल होता आणि कागदावर फसली साल लिहायचे. आप्पांचं घर लिंगायतांचं, शाकाहाराला फार कडक. गावात कुणाचंही लग्न निघालं की मला न्यायला माणूस हजर. माझ्यात बुंदी पडायची, भजी फुगायची. चार गडी मला उचलून मांडवात आणायचे, तेव्हा मी नवरीपेक्षा जास्त मुरडायचे.

लग्न उरकलं की मला घासायला यायची साखराबाई. उंच, सडपातळ, हाताला राखेचे चट्टे. लग्नघरची परातीपासून पळीपर्यंत सगळी भांडी तिच्या ताब्यात जायची. आप्पांच्या बायको महादेवीआक्का कोठीचं दार उघडून नुसतं म्हणायच्या, “ने गं साखरा.” किती भांडी दिली आणि किती परत आली, हे कुणी कधी मोजलं नाही. साखराबाईकडे शेत नव्हतं, दागिना नव्हता. पण गावात हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता आणि तिला तो ठाऊक होता.

एका लग्नात माझी एक कडी निखळली. उकळतं तेल आचाऱ्याच्या पायाजवळ सांडलं, थोडक्यात निभावलं. “हिचा भरवसा न्हाई,” असं म्हणून मला स्वयंपाकातून काढलं. आप्पांचा कापसातून सरकी काढायचा कारखाना होता. त्याला सगळे जिन म्हणत. तिथला सुग्रीव मिस्त्री इंजिनाचे तेलकट भाग धुवायला एक मोठं भांडं मागतच होता. मला जिनात नेलं, तीन दगडांवर बसवलं आणि माझ्यात घासलेट ओतलं.

मित्रांनो, पहिल्या दिवशी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. काळंकुट्ट ऑइल, कापसाची चिकट धूळ, लोखंडाचा कीस, सगळं माझ्यात धुवायचं. त्यात जिनाच्या पट्ट्याला चरबी चोळलेली असे; तीही माझ्यात उतरली आणि आप्पांच्या स्वयंपाकघराचं दार मला कायमचं बंद झालं. हंगामाच्या आधी इंजिन खोललं की भाग घासायला साखराबाईच यायची. मला पाहून तिनं कपाळाला हात लावला. “तू बी आलीस व्हय हितं?” असं म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. तिच्या हातावर माझी घाण चढू लागली आणि मी शरमेनं अर्धी झाले. लोकांना स्वच्छ करून आपण घाण राहायचं, याच्यासारखी नामुष्की नाही असं मला वाटायचं. खरी नामुष्की अजून यायची होती.

सुग्रीव मिस्त्री कामाला पक्का आणि स्वभावानं काटकसरी. घासलेट तो कधी ओतून देत नसे. घाण खाली बसली की वरचं निवळलेलं घासलेट पुन्हा वापरायचं आणि कमी पडलं की भर घालायची, ही त्याची रीत. माझा तळ वर्षातून एकदाच, दसऱ्याला निघायचा. कारण त्या काळ्या गाळात एरंडेल कालवलं की गाडीच्या आसाला उत्तम वंगण होतं आणि दसऱ्याला गाडीवाले ते न्यायला येत. त्या वर्षी गाळ चांगला वीतभर साचला. घट बसायच्या आधी साखराबाई दोनदा म्हणाली, “मिस्त्री, लई गाळ झालाय. तळ काढू का?”

“ऱ्हाऊ दे मावशी. दसरा कुठं लांब हाय?” मिस्त्री म्हणाला. तिला तो नेहमी मावशीच म्हणे.

नवरात्र सुरू झालं. मिस्त्रीचा नऊ दिवसांचा उपास. पायांत वहाण नाही, बाजेवर बसणं नाही आणि चरबीला तर बोटसुद्धा लावणं नाही. चरबीचे सगळे भाग त्या दिवसांत साखराबाईच्या वाट्याला. ती एकेक भाग धुऊन, पुसून गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवी. त्यात एक पितळी तोटी होती, करंगळीएवढी. इंजिनात तेलाचा फवारा उडतो तो हिच्यातून. ही नसली तर एवढं मोठं इंजिन म्हणजे लोखंडाचा ढीग. आणि इंजिन सुरू करायला आप्पांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. मुंबईहून दुसरी तोटी यायला महिना लागला असता.

चौथ्या माळेला गावचा बाजार होता. साखराबाई मिस्त्रीला विचारून दुपारी लवकर गेली. ती गेल्यावर मिस्त्रीनं तोटी उजेडात धरून पाहिली. भोकात कसपट दिसलं म्हणून दोन बोटांनी धरून त्यानं ती वरच्या निवळ घासलेटात बुडवली आणि माझ्या उतरत्या कडेवर भिजत ठेवली. तेवढ्यात आप्पांनी हाक मारली. मिस्त्री गेला. तोटी माझ्या अंगावरून सावकाश घसरली आणि तळच्या गाळात शिरली. मिस्त्री परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात आप्पांनी सांगितलेली दहा कामं होती. तोटी त्याच्या ध्यानातून पार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर तोटीची जागा रिकामी! जिनात एकच धावपळ झाली. पोती झटकली, केर चाळला, उंदरांची बिळंही उकरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. शेवटी एकेक नजर साखराबाईकडे वळू लागली.

“साखराबाई,” मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी तोंडातून मावशी आलं नाही. “काल बाजाराला कशापायी गेलतीस एवढ्या घाईनं?”

“तुमालाच इचारून गेलते की.”

“पितळ हाय ते. बाजारात कुणीबी घेतंय.”

सगळ्यांसमोर तिची झडती झाली. गाठोडं सोडलं, भाकरी उलटीपालटी केली. पदराची गाठ तिला सोडायला लावली. आत निघालं सुपारीचं खांड आणि मिश्रीची पुडी. कुणीतरी फिसकन हसलं.

“कडईचा तळ बघा की,” ती म्हणाली. “सरा, मीच काढते.”

“तू हात लावायचा न्हाई!” मिस्त्री ओरडला. “तूच टाकशील अन् तूच काढशील.”

मग त्यानं स्वतः का नाही काढला, असं तुम्ही विचाराल. चरबीचा गाळ ना तो! हात बुडवला तर व्रत मोडणार, घरच्या घटाला माळ कोण घालणार? बाकीचे गडीही नवरात्रातलेच. मिस्त्रीनं एक काठी घेतली, माझ्यात वरच्यावर ढवळली आणि सांगितलं, “हितं काय न्हाई.” काठीचं टोक तोटीपासून चार बोटांवरून गेलं. मला घसा असता तर मी गाव गोळा केलं असतं. पण मी कढई. चोराचा माल पोटात ठेवून साव असल्यासारखी गप्प बसले.

“बेल-भंडार उचलते मी, आप्पा,” साखराबाई म्हणाली. “महादेवाच्या पायरीवर चला.”

आप्पा भले माणूस, पण त्यांना बोभाटा नको होता. “शपथा नको अन् पोलिसातल्या अमीनसाहेबाची चौकशी बी नको. उद्यापास्नं येऊ नको म्हंजे झालं,” ते म्हणाले. मित्रांनो, शिक्षा झाली असती तर एक वेळ बरं होतं. शपथ घेऊ न दिल्यामुळे तिच्यावरचा डाग तसाच राहिला. जिनाच्या हौदात बारमाही पाणी असायचं, म्हणून गावच्या बायका तिथं भांडी घासत. दुसऱ्याच दिवशी त्यांची कुजबुज माझ्या कानी आली. आता कुणी तिला साधा तांब्याही घासायला देत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी नेकनूरचा धुळाजी गाडीवान वंगण न्यायला आला. जिनात मिस्त्री एकटाच होता. धुळाजी करवंटीनं माझा गाळ उपसू लागला आणि मध्येच थांबला. त्यानं बोटांनी काहीतरी पुसून उन्हात धरलं.

“सुग्रीवा, ह्ये काय बे? दसऱ्याचं सोनं का काय?”

मिस्त्रीनं पाहिलं आणि त्याला सगळं आठवलं. ते कसपट, आप्पांची हाक, माझी उतरती कड. “आण हिकडं,” तो हळूच म्हणाला. “कुणाला बोलू नगं.”

“बाई चोर ठरली म्हनं. ती हीच का तोटी?”

मिस्त्रीनं तोटी मुठीत दाबली. धुळाजीनं वंगणाचं नळकांडं भरलं, बैल जुंपले. जाता जाता म्हणाला, “मी न्हाई बोलायचो. पर तुला तर ठाव हाय न्हवं?”

मुहूर्तावर इंजिन धडधडलं. आप्पांनी नारळ फोडला आणि मिस्त्रीला फेटा बांधला. “दुसरी तोटी कुठनं पैदा केलीस रे गड्या?” त्यांनी कौतुकानं विचारलं. “मिळाली,” मिस्त्री म्हणाला. त्या एका शब्दानं माझं लोखंड गार पडलं. त्याची लाज आणि माझी लाज तेव्हा एकच होती.

सूर्य कलल्यावर गावची शीव ओलांडून माणसं परतली आणि जिनाच्या अंगणात आपट्याची पानं देऊ घेऊ लागली. त्या गर्दीत साखराबाई आली. न आली असती तर लोक म्हणाले असते, चोर होती म्हणून तोंड लपवलं. ती एकेकाला सोनं देत मिस्त्रीपुढं आली. दर दसऱ्याला तो वाकून तिच्या पाया पडायचा.

“सोनं घ्या, मिस्त्री.”

मिस्त्रीनं हात पुढं केला नाही. नव्या फेट्याखाली त्याचा चेहरा घामानं भिजला. मग त्यानं फेटा उतरवला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुटपुटला, “मावशी, तोटी कडईतच व्हती. माझ्याच हातनं पडलेली.”

साखराबाई म्हणाली, “माझी गाठ सोडली तवा अख्खं जिन बघत व्हतं. आता बी अख्खं जिन हाय. जरा मोठ्यानं सांगा.”

मिस्त्री उठला. त्यानं मोठ्यानं सांगितलं. धुळाजीनं गाळातून तोटी काढली तेही सांगितलं आणि सकाळपासून आपण ते लपवलं, तेही सांगितलं. अंगणात कुणाला वर बघवेना. आप्पा घसा खाकरत म्हणाले, “साखराबाई, उद्यापास्नं कामावर ये.”

“कामाला न्हाई यायची, आप्पा.”

दुसऱ्या दिवशी मात्र ती आली, मजुरीला नव्हे. माझ्याजवळ उकिडवी बसली, राहिलेला गाळ दोन्ही हातांनी उपसला आणि राख, काथ्या घेऊन मला तळापर्यंत घासलं. “हिचा काय दोस?” एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिनं शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, ही माया सोसवत नाही. इतकी वर्षं मी अंगावरच्या काळ्या ऑइलची लाज बाळगली. ज्या हातांवर घाण चढते म्हणून मी लाजायचे, त्याच हातांचं नाव माझ्या पोटातल्या गाळानं घालवलं होतं.

मित्रांनो, मी आता गंजत चालले आहे. तुम्हाला एवढंच विनवते. जे भांडं दुसऱ्याला स्वच्छ करतं, त्याचा तळ रोज काढत जा. दसऱ्यावर ढकलू नका. आणि एखादी वस्तू हरवली, तर कुणाच्या पदराची गाठ सोडण्याआधी आपल्याच गाळात हात घाला. हात धुता येतो, हो.

पुढं माघात आप्पांच्या घरी लग्न निघालं. महादेवीआक्कांनी मुद्दाम साखराबाईलाच बोलावलं. हौदावर भांडी घासून झाली, आक्का तिथं आल्या. “ने गं साखरा, ठेव कोठीत,” त्या पूर्वीसारखंच म्हणाल्या. पण साखराबाई उठली नाही. तिनं एक परात उचलून आक्कांसमोर ठेवली आणि म्हणाली, “एक.” मग दुसरी ठेवली. आक्का “अगं, कशाला” म्हणाल्या. पण खाली बघत तिथंच उभ्या राहिल्या, शेवटची पळी मोजून होईपर्यंत.