चप्पल खाल्लेलं यंत्र

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे. चप्पल खाऊन सुधारलेलं यंत्र तुम्ही पाहिलं नसेल, ते मीच! गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा गावच्या महिला बचत गटाच्या छपरीत, कोपऱ्यात माझा मुक्काम असतो.

इथल्या बायका जंगलातून चारं नावाची फळं वेचून आणतात. चाराच्या टणक बीमधला नाजूक दाणा म्हणजे तुमच्या बासुंदीतली चारोळी. अख्ख्या दाण्याला भाव मोठा, पण फोडायची सोय नव्हती. म्हणून बिया तशाच कवडीमोलाने विकाव्या लागत. मग गावातल्या प्राचीने दोन गोल दगड, दांडा आणि सायकलची चेन जोडून मला घडवलं. चाचणीसाठी बायकांनी आळीपाळीने एकेक पायली बी दिलं. तेच माझं भांडवल.

मी मात्र दिवे लावले. पाच पायल्यांचा भुगा केला! हरलेली प्राची नागपूरला नोकरीसाठी निघाली. पिशवी भरून झाली होती, तेवढ्यात गटातल्या जमुनाबाई सहावी पायली घेऊन आल्या.

त्यांचा मुलगा रूपेश चिडला. "आई, स्टार्टअप म्हणजे लॉटरी. दहातले नऊ बुडतेत. कायले देऊन राहिलीस?"

"पाच जणींनी देल्लं, मी काऊन नाही देऊ?"

अर्ध्या पायलीचा पुन्हा भुगा. जमुनाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पायातली रबरी चप्पल काढून मला हाणली. ती नेमकी दगडांच्या फटीत ओढली गेली, आणि खालून अख्खे दाणे पडू लागले! रबराने दाणा सांभाळला होता. प्राचीने नागपूरला न्यायची पिशवी रिकामी केली.

"लॉटरी लागली!" रूपेश ओरडला.

लागली खरी. नशिबाचे उपकार मी विसरणार नाही. पण सहावी पायली आलीच नसती, तर मला चप्पल कोणी मारली असती? आणि ज्यांच्या बियांचा भुगा झाला, त्या पाच जणींनी मला कधी बोल लावला नाही. त्यांचं ऋण माझ्याने फिटायचं नाही.

आता रबर लावलेली माझी भावंडं काम करतात आणि चारोळीचे डबे गोंदियाला जातात. मला मात्र कोणी भंगारात दिलं नाही. जमुनाबाईंची जोडीतली उरलेली चप्पल माझ्या दांड्याला टांगलेली आहे. मित्रांनो, फसलेल्या वस्तूला टाकून देण्याआधी एकदा थांबा.

परवा शेजारच्या गावची रुची पत्रावळीचं यंत्र घेऊन आली. चौथ्यांदा पानं फाटली, तशी ती रडायला लागली. जमुनाबाईंनी पळसाच्या पानांचा नवा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"रडून कायले राहिलीस वो पोरी? माही दुसरी चप्पल बाकी आहे अजून!"