बरोबरीचा पाळणा

आमच्याकडे पाहुणा वर यायचा असेल, तर त्याच्या वजनाचं काहीतरी आधी खाली जावं लागतं. यात माणुसकीचा प्रश्न नाही, दोराचा आहे. घर कड्याच्या डोक्यावर, दुकान आणि गाडीरस्ता कड्याच्या पायथ्याशी. पायवाट होती, ती दरडीबरोबर गेली. आता एका जाड दोराच्या दोन टोकांना दोन पाळणे आहेत. एक खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. वरच्या चाकाशी माझा नवरा ब्रेक धरून बसतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस शेळ्या पाळतो.

सासरे होते तोवर खाली दगड पाठवायचे. डोंगरावर दगडांना काय तोटा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी खाली दुकानासमोर दगडांची टेकडी उभी राहिली आणि वर सुटा दगड औषधालाही उरेना. राहिले ते घराच्या भिंतीत. सासूबाईंनी तेव्हाच बजावलं, "पाहुणे येऊ देत की न येऊ देत, भिंतीला हात लावायचा नाही." तेव्हापासून आम्ही झऱ्याचं पाणी पिंपात भरून खाली सोडतो.

पाहुणे परत जातात तेव्हा उलटा हिशेब. त्यांच्या वजनावर आमचं पीठ, मीठ, रॉकेल वर येतं. म्हणून निघण्याआधी त्यांना दाबून जेवू घालायचं ही घरची रीत. लोक म्हणतात, काय अगत्य! अगत्य आहेच, पण नवऱ्याचा मामा एकदा पोट बिघडल्यामुळे उपाशी गेला, तर पिठाचं पोतं मामासकट निम्म्यातच लटकून राहिलं. पीठ पावसात भिजून त्याचा गोळा झाला. तेव्हापासून मामाला बोलावलेलं नाही.

या उन्हाळ्यात ताई येणार होती. माझी सख्खी थोरली बहीण. माझं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्या घरी मी पाय ठेवणार नाही. तिथे पाय ठेवायला जागाच नाही." आणि शब्दाला जागली. फोन मात्र दर आठवड्याला. मी विचारायची, कशी आहेस, ती म्हणायची, मजेत. आणि यंदा आपणहून म्हणाली, येते, दोन दिवस. मला दुसरं काही नको होतं. तिला माझ्या चुलीपुढे बसवायचं आणि माझ्या हातचं गरम गरम वाढायचं, एवढंच.

मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. बटाटे, अंडी, दोन प्रकारच्या भाज्या, भाताचं मोठं पातेलं, दही, दुधाची खीर. सासूबाई म्हणाल्या, "वऱ्हाड येतंय का?"

आधी आले ते भावोजी. ताईला खाली बाकावर बसवून हे आपले पुढे. देह असा की झऱ्याचं साठवलेलं सगळं पाणी एकट्या त्यांच्यावर खर्ची पडलं. झऱ्याला उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, टाकी भरायला आठवडा जातो. भावोजींनी सबंध प्रवास डोळे मिटून केला. वर पोचल्यावर पाळण्याचा खांब घट्ट धरला आणि जाहीर केलं, "आता उद्या निघेपर्यंत मी याच्याकडे बघणारसुद्धा नाही." मग पाळण्याकडे पाठ करून बसले आणि दही मागितलं.

ताई खाली, पाणी संपलेलं. नवऱ्याने दोन शेळ्या पाळण्यात चढवून बघितल्या. त्यांनी पाळण्याची चटई खाल्ली. सासूबाई म्हणजे चिमणीएवढ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू जा. दोघी एका मापाच्या ना?"

खरंच होतं ते. लहानपणापासून एकमेकींचे कपडे घातले आम्ही. पण मी खाली गेले तर वाढणार कोण? "इतक्या वर्षांनी ती येतेय," मी म्हटलं, "आणि मीच घरात नाही?"

"मग तिला खालूनच परत पाठव," सासूबाई म्हणाल्या.

बसले. अगदी बरोबरीत अडकू नये म्हणून मांडीवर एक भोपळा घेतला. नवऱ्याने ब्रेक सैल केला आणि मी दगडासारखी खाली सुटले. "भोपळा टाक!" वरून तो ओरडला. टाकला. तरी वेग कमी होईना. ब्रेक किंचाळत होता. निम्म्यात ताईचा पाळणा समोरून वर आला. क्षणभर तिचा चेहरा दिसला, डोक्याला बांधलेला रुमाल दिसला.

"किती बारीक झालीस गं!" ती म्हणाली, आणि वर गेली.

खाली आपटता आपटता वाचले. पाळण्यातच बसून राहिले. भोपळा मी टाकलेला, माझं वजन वाढलेलं नाही, मग मी अशी का पडले, याचं उत्तर एकच होतं. दोर फोनवर बोलत नाही, त्याला मजेत म्हणता येत नाही.

दुकानदार पाणी घेऊन आला. "तुमच्या ताई का त्या? मघापासून बाकावर होत्या. त्यांना पिशवीसकट पाळण्यात चढवलं, तर पिशवीच जड लागली, त्या नाही."

मी दुकानातून घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला.

"ताई हलकी झालीय," तो म्हणाला. ब्रेक धरणाऱ्याला सगळ्यांचं कळतं.

"तिला दे." फोन तिच्याकडे गेला. "काय झालंय तुला?"

"तुझं स्वयंपाकघर बघितलं," ताई म्हणाली. "छान आहे. तुझ्या सासूबाई वाढतायत. पण तू नाहीस तर मी काय जेवू? मी येते खाली."

"तू एकटी बसलीस तर दोर हलायचासुद्धा नाही. मी जड आहे."

मग सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी फोन हिसकावला असणार. "तू बस पाळण्यात. बाकीचं मी बघते."

बसले. वर काय चाललंय दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने माझा पाळणा जरासा हलला. पुन्हा थांबला. पुन्हा हलला आणि उचलला गेला. हळूहळू वर जाताना मला समोरून ताई खाली येताना दिसली. तिच्या भोवती माझा सगळा स्वयंपाक होता. मांडीवर भाताचं पातेलं, पायांशी भाजीची भांडी, एका बाजूला दह्याचं मडकं, दुसऱ्या बाजूला खीर. मला उचलायला सासूबाईंनी भांड्यामागून भांडं चढवलं होतं, उरलेला जोर नवऱ्याने चाक हाताने ढकलून लावला असणार. पाळणे समोरासमोर आले आणि नवऱ्याने ब्रेक ओढला. ना घरी, ना दारी, अशा आम्ही दोघी हवेत.

हात लांबवला तर तिचा हात लागत होता. लागला. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.

"आजारी होते," ती म्हणाली. "आता बरी आहे. खरंच बरी आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू पाळण्यात बसून धावत आली असतीस. आणि तुझ्या बदल्यात वर कोण गेलं असतं?"

मला संताप आला आणि रडूही आलं, एकदमच. भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून नवरा ओरडला, "ब्रेक तापलाय! सोडतोय!"

सोडला. आम्ही दोघींनी डोळे मिटले. काही झालं नाही. ती आणि भांडी मिळून बरोबर माझ्याएवढी भरली होती. पाळणे तसेच राहिले, वाऱ्याने थोडे डुलत.

"जेव," मी म्हटलं.

"इथे?"

"इथे. सांडायचं नाही. आधी भात."

ती जेवू लागली. वाढायला माझा हात भांड्यांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी नुसतं सांगत होते, आता भाजी घे, आता दही. वरून भावोजींनी, पाठ फिरवलेलीच ठेवून, विचारलं की खीर उरेल का. दोन घास खाऊन ताईने तिसरा माझ्याकडे केला, लहानपणी भरवायची तसा.

"तू सकाळपासून उपाशी असशील. घे."

भूक लागली होती. पोटात कावळे ओरडत होते. पण तो घास माझ्या पोटात गेला असता तर मी तेवढी जड आणि ती तेवढी हलकी. मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मान हलवली. मग तिला कळलं. तिने एकदा वर दोराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. ती रडत होती आणि चावत होती.

ऊन कलेपर्यंत ती जेवली. पातेलं रिकामं झालं, मडकं रिकामं झालं, खिरीचं भांडं तिने बोटाने पुसून घेतलं. पाळणे तसूभरही हलले नाहीत.