ओढ्याअलीकडची पंचमी

“मी हितनं फुडं येत न्हाय,” असं म्हणून गुणाबाई कॅरॅव्हॅनच्या पायरीवर पाय सोडून बसली.

समोर ओढा होता आणि ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, तिच्या माहेरचं घर. तिच्या नवऱ्याने, मष्णूने, जीप बंद केली.

“अगं, खानापूरच्या रानातनं हाडं खिळखिळी करत आणलं, ते काय वडा बघायला? ही गाडी असले दोन वडे पार करंल.”

“गाडी करंल वो. पंचमी हाय आज. मुराळी आल्याबिगर माहेरात पाऊल टाकू व्हय?”

नागपंचमीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, तो मुराळी. गुणाबाईचा मुराळी म्हणजे धाकटा भाऊ भरमू. आठ वर्षं तो आला नव्हता आणि त्याचं खापर मष्णूच्याच डोक्यावर फुटायला हवं होतं. भरमूने हक्कसोडीचा कागद आणला, तेव्हा गुणाबाई सही करायला बसलीच होती. मष्णूने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. “हिस्सा म्हंजे काय चिंचोके हायत?” असं तो भरल्या घरात बोलला. भरमू ताटावरून उठला तो पुन्हा आलाच नाही. हिश्शाचा तो तुकडा अजून पडीकच आहे.

मष्णूने बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या शेडमध्ये उमर घालवली ती उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात. मग एका पंचमीला, शेजारणीला न्यायला तिचा भाऊ आला तेव्हा, गुणाबाई भांडी घासता घासता रडताना त्याला दिसली. माफी मागणं त्याच्या जिभेला कधी जमलं नाही, लोखंडाचं काम तेवढं जमायचं. त्याने ट्रॉलीचा आस घेतला, जाड कमानपाटे घातले, दोन फूट उंचावर खोली उभी केली. तीन बिछाने, स्टोव्ह, पाण्याची टाकी.

“भावाचं दार बंद झालं तर होऊ दे,” तो म्हणाला. “तुझं घरच चाकावर घातलंय बघ.”

लेक सौम्याला घेऊन तिघं जांबोटीच्या जंगलात राहिली, तिलारीकडे गेली. दगड-धोंडे, चिखल, गाडी कुठे अडली नाही. गुणाबाई तीन दगडांवर कोंबडं शिजवायची, हसायची, सगळ्यांना वाढायची. फक्त माहेरच्या वाटेचं नाव काढलं की गप्प व्हायची. यंदा तिच्या दुखण्यापुढे बेळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तीच म्हणाली, “वड्यापातूर तरी न्या.”

आता ती पायरीवर बसून पलीकडे बघत होती. चेहरा एवढासा झालेला.

“थांब, बघून येतो,” मष्णू म्हणाला.

ओढा ओलांडून तो चढ चढला. घराच्या कोपऱ्यावरच्या फणसाआड उभा राहिला. भरमू पुढच्या सोप्यात बसला होता, दिसत होता. चार पावलं टाकायची आणि एवढंच म्हणायचं, आक्काला न्यायला चल. पण जावयाने मुराळी मागायला जायचं? गावात कुणी ऐकलंय असलं? मान ताठ ती ताठच राहिली. तो तसाच मागे फिरला.

“कुलूप हाय,” त्याने सांगितलं. “गोव्याला गेल्यात म्हणं.”

“व्हय काय,” गुणाबाई म्हणाली.

तिची नजर कुठे आहे, म्हणून त्याने वळून पाहिलं. भरमूच्या स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर निघत होता. खरं सांगायचं सोडून मष्णू चाकाखाली दगड लावायला वाकला. गुणाबाई म्हणाली, “असू दे. फुडच्या पंचमीला यील.”

दिवाळीच्या आतच ती गेली.

बाराव्याला भरमू आला होता. पंगत उठल्यावर तो मष्णूजवळ बसला. “दाजी, त्या पंचमीला आम्ही घरातच होतो. वड्याकाठी तुमची गाडी दिसत होती. आक्का दारात बसलेली बी दिसत होती.”

“मग आला न्हाईस?”

“तुमी हाक माराल म्हणून बसलो. सांजपातूर बसलो, दाजी.”

दोघा बाप्यांनी आपापला ताठा सांभाळला आणि मधल्यामध्ये ती बाई पायरीवर बसून राहिली. मष्णूने तोंडावर टॉवेल घेतला आणि सगळ्यांसमोर रडला.

पुढचा श्रावण आला. पंचमीच्या सकाळी भरमू मच्छेला दारात उभा. हातात लाडवांचा डबा.

“न्ह्यायला आलोय,” तो म्हणाला.

“कुणाला रं?”

भरमूने कॅरॅव्हॅनच्या पायरीकडे पाहिलं. मष्णूने जीपला कॅरॅव्हॅन जोडली. गाडीने ओढा सहज पार केला, चढ चढला आणि भरमूच्या अंगणात जाऊन थांबली. मष्णू उतरला आणि मागचं दार उघडून तिथेच उभा राहिला.

भरमूची बायको जयाबाई लगबगीने बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. माहेरवाशीण आली की आधी ओवाळून टाकायचं, मग घरात घ्यायचं. दाराशी येऊन तिने हात उचलला आणि तो तसाच राहिला.

“वन्सं,” ती रिकाम्या दाराकडे बघून म्हणाली, “उतरा की.”

मष्णू पायरीपासून बाजूला सरकला आणि वाट करून दिली.