‘कुरी’ म्हणजे काय?

अगं थांबा, आधी कोट तर काढू दे! हं. तर आज ती भाषा खात्याची बाई आली होती. आमच्या शाळेत. आणि कुणासाठी आली? फाइना ल्वोव्नांसाठी!

फाइना ल्वोव्ना म्हणजे, आपल्या नार्वा गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे रसायनशास्त्र शिकलीत. एकतीस वर्षं, सगळं रशियनमधून. आता नव्या सरकारी नियमानं शिकवायचं एस्टोनियनमधून, आणि भाषेच्या परीक्षेत त्या दोनदा नापास. आजचा शेरा वाईट पडला की नोकरी गेलीच म्हणून समजा.

सकाळपासून त्या वहीतली वाक्यं पुटपुटत होत्या, म्हणून काचेच्या नळ्या मीच मांडल्या. मी नवीन ना, त्यांच्या हाताखाली.

"उल्या, माझ्याकडे बघत राहा. अडखळले तर डोळा मिचकाव."

"डोळा मिचकावून व्याकरण कसं सांगू, फाइना ल्वोव्ना?"

"मग गप बस आणि देवाचं नाव घे!"

तास छान झाला गं. आम्ल, अल्क, सगळं घोकून पाठ. पोरंसुद्धा कधी नव्हे ती चिडीचूप. पोरं गेली, ती बाई पहिल्या बाकावर बसली, वही उघडली आणि हसून विचारते, "तुम्ही कुरी शिक्षिका आहात का?"

आता एस्टोनियनमध्ये कुरी म्हणजे कडक, तापट. पण आपल्या रशियन कानाला काय ऐकू येतं? ‘ओढ सिगारेट!’ हसू नका गं, पुढचं ऐका!

फाइना ल्वोव्ना म्हणाल्या, "नाही, नाही. सोडलं. तीन वर्षं झाली."

"सोडलं?"

"डॉक्टरांनी सांगितलं. छातीत घरघर व्हायची."

"अरेरे. पूर्वी खूप कुरी होतात?"

"रोज वीस वेळा! मधल्या सुट्टीत तर हमखास."

"मुलांसमोर?"

"छे, छे! मागच्या अंगणात जाऊन. एकटीच."

बाईचे डोळे हे एवढे! आणि फाइना ल्वोव्ना सुसाट. जन्मात इतकं एस्टोनियन बोलल्या नसतील. एक प्रत्यय चुकला नाही! मी डोळे मिचकावतेय, खोकतेय, पण त्या बघतील तर शपथ. मधे तोंड घालावं, तर यांना प्रश्नच कळला नाही हे उघड होणार. गप्प बसावं, तर अजून खोलात.

"नवरा अजून सोडत नाही," त्या सांगतायत. "मी त्याला बाल्कनीत पाठवते. दारं लावून घेते, नाहीतर धूर घरात येतो."

धूर म्हणाल्या आणि बाईचं पेन थांबलं.

बाई हळूच माझ्याकडे वळली. "तुम्हाला कळला होता ना, माझा प्रश्न?"

हो म्हणावं तर फाइना ल्वोव्ना संपल्या. नाही म्हणावं तर मी. माझं भाषेचं प्रमाणपत्र जूनमधलं, शाई वाळली नाही अजून!

"मला वाटलं," मी म्हटलं, "तुम्ही सिगारेटचंच विचारताय."

फाइना ल्वोव्नांचा चेहरा खडूसारखा पांढरा. आत्ता कळलं त्यांना! बाईनं पानभर लिहिलं, मग मला म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा." सांगितलं. तेही लिहिलं.

ती जिना उतरल्यावर फाइना ल्वोव्नांनी माझा दंड असा पिरगाळला, हा बघा.

"मूर्ख पोरी! मी एकटी बुडत होते ना? तुला कुणी उडी मारायला सांगितली?"

"पण किती छान बोललात तुम्ही!"

"सिगारेटवर! सिगारेटवर छान बोलले!" आणि मटकन बाकावर बसल्या. हसतायत की रडतायत, कळेना.

निकालाचं पत्र यायला पंधरा दिवस लागतात म्हणे. आणि मी आत्ता, वर येताना, दोनदा आपली टपालपेटी उघडून बघितली.