मुंगीमाईची वाटी

पाळण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळी गल्ली आमच्या खोलीत घुसून एका वाटीवर ओणवली होती. वाटीत माझ्या वहिनीचं पिळून काढलेलं दूध होतं आणि मुंगीमाई नावाची ती बया त्यात मुंगी सोडत होती.

मुंगीने पाय झाडले, बुडाली.

"विष!" माई किंचाळली. "पाजाल तर पोर हातची जाईल!"

मग तिने झोळीतल्या बाटलीतून 'मंतरलेलं' दूध बशीत शिंपडलं. दुसरी मुंगी तुरुतुरु काठावर आली. बायकांनी हात जोडले. त्यात माझी आईही. मला शिसारी आली.

तीन दिवसांच्या पोरीला साखरपाण्याचं बोट चाटवत होते. लंगोट सकाळपासून कोरडा, रडायचंही त्राण नाही. वहिनी तापाने फणफणलेली, छाती दगडासारखी घट्ट, तरी कोपऱ्यात चोरासारखी मान खाली घालून.

दवाखान्यातली नर्स बाळंतिणीला बघायला आली. पोरीला उचलताच तिचा आवाज चढला, "हिला उपाशी कुणी ठेवलं?"

"दूध बाधतंय गं तिचं," आई म्हणाली. "मुंगी मेली, डोळ्यांदेखत!"

नर्सने वाटी पाहिली, बशी पाहिली. "माई, आता उलटं करा. तुमचं दूध वाटीत, हिचं बशीत."

"देवीची परीक्षा घेतेस, भवाने?"

"देवीची नाही हो, भांड्याची."

माई बाटली लपवायला लागली. मी ती हिसकावली, वाटीतलं वहिनीचं दूध पेल्यात काढलं आणि बाटली वाटीत ओतली. नवी मुंगी सोडली, ती बुडाली. बशी पुसून तिच्यात वहिनीच्या दुधाचे चार थेंब टाकले. मुंगी पाय झटकत बाहेर.

"वाटी खोल, बशी उथळ," नर्स म्हणाली. "मुंगीला पोहता येत नाही. झाला चमत्कार."

"माझी मुंगी बाटवलीत!" म्हणत माईने झोळी कवटाळून जिना गाठला. एक शहाणी तरीही वाकून तिच्या पाया पडलीच!

नर्सने पोरीला वहिनीच्या छातीशी धरलं. दोनदा तोंड सुटलं, तिसऱ्यांदा तिने घट्ट पकडलं. वहिनी हुंदके द्यायला लागली.

"पाजून झालं की दोघींनाही लगेच दवाखान्यात न्यायचं," नर्सने मला बजावलं.

"आणि तो पहिला पिवळा चीक?" आईने हळूच विचारलं. "माईच्या सांगण्यावरून तिन्ही दिवस आम्ही तो मोरीत टाकला."

"तीच तिची पहिली लस होती, आजी."

लोकहो, बाळ जन्मलं की तासाभरात आईजवळ द्या. आईला ताप आला तर डॉक्टर गाठा. मुंगीला काय विचारता? आमच्या घरात तीन दिवस मोरी दूध प्यायली आणि पोर कोरड्या ओठांनी पडून राहिली.