बाभळी खाल्लेल्या शेळ्या

"हे कुणाला खरं वाटायचं नाय, आन् ज्याला वाटंल त्याला मी शहाणा म्हणायचा नाय," असं आधीच बजावून मल्हारीनं पटका मागं सारला. नातीचं जावळ होतं. चितेगावचे पाव्हणे मटणावर ताव मारून सुपारी कातरत बसलेले. अशी आयती बैठक मल्हारी वाया घालवतो व्हय?

गोष्ट करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातली. सून राजाबाईला कळा सुटल्या आणि पोर पोटात आडवं. नर्सबाई फोनवर ओरडली, "दवाखाना गाठा, नायतर दोघं जातील!" जीप मिळाली, पण शेजारच्या गावानं रस्त्यात बाभळी तोडून आडव्या टाकलेल्या. पलीकडं काठ्या घेतलेले गडी, तोंडाला उपरणी. म्हणाले, "बाहेरचा माणूस आत नाय!"

"मग वो?" पाव्हण्यांतल्या फकिरानं सुपारी तशीच गालात धरली.

"मग काय! बंदी माणसाला होती, शेळीला कुठं होती? कडंला आपल्याच शेळ्या चरत होत्या. हुर्रर्र केलं. हिरवी बाभूळ बघून अख्खा कळप तुटून पडला. पाला खाल्ला, शेंगा खाल्ल्या, काटं खाल्लं..."

"आन् खोडं?"

"खोडं बी! एका बोकडानं तर गड्याच्या हातातली काठी खाल्ली."

हशा पिकला की मल्हारीच्या गोष्टीला पाय फुटायचे. शेळ्या बें बें करत जीपपुढं पळाल्या, सायरन म्हणून. पोलिसांनी नाकाबंदी उघडली, सलाम ठोकला. दवाखान्यात शेळ्याच आधी शिरल्या, पांढऱ्या झग्यातली डॉक्टरीण म्हणाली, "यातली पेशंट कोणती?" आणि पोरगी जन्मली ती अशी रडली, की डॉक्टरणीचा मास्क उडाला अन् अर्ध्या वार्डाचा ताप उतरला!

बोलता बोलता मल्हारीनं नातीकडं पाहिलं. तुळतुळीत डोकं, हातात मटणाची नळी, चोखणं चाललेलं. त्या दिवशी वार्डाबाहेर तो पटक्यात तोंड लपवून बसला होता. ते सांगायला तो थोडाच बसला होता!

"खरं सांगतो, शेळ्या नसत्या तर..."

"मामा!" दारातून राजाबाईनं सासऱ्याला हाक घातली. "बाभूळ कुठली? बोरीच्या काट्यांची वाळकी बोराटी होती ती! शेळ्यांनी हुंगलं आन् तोंड फिरवलं. तुम्ही हुर्रर्र हुर्रर्र करीत बसलात, तवर आत्यांनी, तुमच्या कारभारणीनं, हाताला पदर गुंडाळून सगळ्या काट्या ओढून फेकल्या, आन् त्या गड्यांना बी फैलावर घेतलं. लई खोटं बोलता वो तुम्ही!"